ट्रेम ब्लॉक करू नका, आधी धार बघा

गेल्या वर्षभरात मला निदान पाच जणांनी सांगितलं की अरे गिटारचा तो ट्रेमोलो ब्लॉक करून टाक, मागे लाकडाचा तुकडा बसव आणि मोकळा हो, कशाला डोक्याला ताप. पाचही जण चांगले वाजवणारे आहेत आणि काळजीनेच सांगत होते, पण मला ते एकदाही पटलं नाही. ट्रेमोलो म्हणजे तारांचं खालचं टोक धरणारा हलता ब्रिज, त्याची दांडी, म्हणजे आर्म, दाबली की सूर उतरतो आणि वर ओढली की चढतो. माझं निम्मं वाजवणं त्या आर्मवर आहे. स्वर थोडा खाली नेऊन परत आणणं, सूर लागताना हलकासा कंप देणं, हे सगळं हातात बसायला मला बारा वर्षं लागली, आणि एक पार्ट झिजला म्हणून ते सोडून द्यायचं? म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण हा प्रॉब्लेम खूप जणांना येतो आणि बहुतेकांचे पैसे भलत्याच ठिकाणी जातात. माझेही गेले.

गिटार २०११ साली पुण्यातच सेकंडहँड घेतलेली, कोरियात बनलेली, बासवूडची बॉडी, आणि फ्लॉइड रोजच्या धाटणीचा पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीने लायसन्सवर बनवलेला डबल लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे तारा ब्रिजवर आणि नेकच्या टोकाच्या नटमध्ये, दोन्हीकडे आवळून पकडणारा. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही, त्या किमतीतल्या बऱ्याच गिटारींवर साधारण असाच माल असतो. दहा-अकरा वर्षं नीट चाललं. मग हळूहळू सूर टिकेना. एका दुकानात दाखवली, तिथल्या माणसाने हेडस्टॉककडे, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाकडे, बघितलं आणि म्हणाला ट्यूनिंग की बदला, सहाच्या सहा गेल्यात. मी बदलल्या. फरक शून्य. आणि नंतर घरी बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की फरक पडणारच नव्हता, लॉकिंग नट आवळला की तार तिथेच पकडली जाते, नटच्या पलीकडे हेडस्टॉकवर काय चाललंय याचा सुराशी संबंधच उरत नाही. नट लॉक आहे आणि तरी सूर हलतोय, तर दोष नट ते ब्रिज एवढ्याच पट्ट्यात आहे. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता दोष नेमका कुठे आहे हे शोधायची एक युक्ती सांगतो, तिला ट्यूनर सोडून काहीही लागत नाही. सुरात लावा, आर्म पूर्ण खाली दाबा, अलगद सोडा, ट्यूनर बघा. मग आर्म वर ओढा, सोडा, परत बघा. साधा नट असलेल्या गिटारीत, म्हणजे स्ट्रॅटसारख्या, डाइव्ह करून, म्हणजे आर्म पूर्ण दाबून, आल्यावर एखादी तार शार्प (चढी) झाली आणि वर ओढून सोडल्यावर तीच तार फ्लॅट (उतरी) झाली तर ती तार नटमध्ये अडकतेय, तिथे पेन्सिलीचं शिसं घासा, खाच साफ करा, काम होतं. पण डाइव्ह करून आल्यावर सगळ्याच तारा फ्लॅट आणि वर ओढून सोडल्यावर सगळ्याच शार्प, असं उलटं झालं तर ब्रिजच मूळ जागी परत येत नाहीये. दाबलात की थोडा पुढे राहतो, ओढलात की थोडा मागे राहतो. माझं अगदी असंच होत होतं, डाइव्ह केला की सहाही तारा आठ-दहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली, मग आर्मला वर एक हलका झटका दिला की परत वर. दोन वर्षं मी स्टेजवर तो झटका देऊन काम चालवलं, सवयच लागून गेली होती.

ब्रिज परत का येत नाही हे समजायला तो कशावर उभा असतो ते बघायला हवं. फ्लोटिंग ट्रेमोलोच्या बेसप्लेटला पुढच्या कडेला दोन ठिकाणी धार असते, तिला नाइफ एज म्हणतात, आणि त्या दोन धारा बॉडीत बसवलेल्या दोन स्टडच्या, म्हणजे जाड स्क्रूंच्या, खोबणीत टेकतात. बाकी कशावर नाही, तेवढ्यावरच. आता ९ ते ४२ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) सहा तारा सुरात लावल्या की त्यांची मिळून साधारण ३८ किलोची ओढ होते, १० ते ४६ लावल्या तर ४६-४७ किलोपर्यंत जाते, आणि मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगसुद्धा ब्लॉकला, म्हणजे प्लेटखालच्या धातूच्या ठोकळ्याला, नेककडेच ओढत असतात. म्हणजे ही दोन्ही ओढ त्या दोन धारांमधून त्या दोन स्टडवर जाते. तराजूच्या दांडीखाली असते ना तशी धार, ती बारीक आहे तोवर काटा बरोबर त्याच जागी येतो, बोथट झाली की कुठेही थांबतो.

मग एका रविवारी सगळं उघडलं. तारा काढायच्या आधी ब्रिजखाली कपड्यात गुंडाळलेली नऊ व्होल्टची बॅटरी सरकवली, नाहीतर तारा सुटल्या की स्प्रिंग ब्रिजला मागच्या पोकळीत खेचतात आणि फिनिशवर चरा पडतो. मागच्या क्लॉला, म्हणजे स्प्रिंग अडकवायच्या पट्टीला, काळी वायर सोल्डर केलेली असते, ती ग्राउंडची, तिला ओढ लागणार नाही असं बघून स्प्रिंग काढल्या. बेसप्लेट हातात घेतली आणि आजोबांचं घड्याळ दुरुस्तीचं भिंग होतं घरात ते लावून धार बघितली.

बास साइडच्या, म्हणजे जाड तारांकडच्या, धारेवर मधोमध अर्ध्या मिलिमीटरची एक चपटी जागा. चमकदार. तिच्या दोन्ही बाजूंना क्रोमचे पापुद्रे उडालेले, आणि खालून राखाडी, भुसभुशीत दिसणारा धातू. ट्रेबल साइडची धार बरी होती पण तिच्यातही एक दात पडलेला. आणि स्टडच्या खोबणीत त्या धारेचा ठसा, नखाने सहज लागेल असा. बोटांच्या नखावर मावेल एवढी झीज, आणि हिच्यापायी मी सहा ट्यूनिंग की बदलल्या होत्या.

ती प्लेट घेऊन भोसरीला गेलो. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आता स्वतःचं छोटं युनिट आहे एमआयडीसीत, दोन लेथ आणि एक मिलिंग. त्यांना गिटारीतलं काही कळत नाही पण धातूतलं सगळं कळतं.

"काका, ही धार ग्राइंड करून मिळेल का?"

त्यांनी चष्मा वर केला, प्लेट उलटी करून मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कानस एकदाच फिरवली. कानस सरळ आत गेली.

"बाळा, हे जस्ताचं ओतकाम आहे. हार्डनिंग केलेलं स्टील असतं ना तर कानस वरून घसरली असती, आवाज पण वेगळा येतो. ह्याला मी धार लावून देईन, पण टिकणार नाही. वर नुसतं क्रोम होतं, ते होतं तोवर चाललं."

तरी मी हट्ट केला आणि त्यांनी लावून दिली. दोन्ही धारा सारख्या मागे जाव्यात म्हणून मापून मापून, डायमंड कानशीने, शेवटी तेलाच्या दगडावर. घरी येऊन बसवली तर काय सांगू, डाइव्ह केला की ट्यूनरचा काटा मधोमध! तीन आठवडे मी हवेत होतो. चौथ्या आठवड्यात परत चार-पाच सेंट खाली, दीड महिन्यात जैसे थे. काका म्हणाले होते तेच झालं. म्हणून सांगतो, प्लेट हार्डन केलेल्या स्टीलची असेल तर धार परत लावण्यात अर्थ आहे, नीट लावली तर वर्षानुवर्षं चालते. जस्ताची असेल तर त्यावर वेळ घालवू नका, थेट बदला. कानशीची परीक्षा घरीही करता येते, फक्त ब्लॉकखाली झाकली जाईल अशी जागा निवडा.

ही धातूची भानगड फ्लॉइड रोज या माणसालाही अगदी सुरुवातीलाच भोगावी लागली होती. तो गिटारिस्ट होता आणि दागिने घडवायचा, त्यामुळे ती हत्यारं त्याच्याकडे होतीच, त्यांनीच त्याने पहिला लॉकिंग नट पितळेचा बनवला, पण तो तारांना पुरेसा धरून ठेवेना, मग कठीण केलेल्या धातूचा केला. अमेरिकेत त्याचं पेटंट १९७९ साली मंजूर झालं, त्याच्या सुरुवातीच्या हाताने बनवलेल्या ब्रिजपैकी एक एडी व्हॅन हेलनकडे गेला, आणि पुढचं दशक कसं वाजलं ते सगळ्यांनी ऐकलंय. त्याच्याही आधी १९५४ साली लिओ फेंडरने स्ट्रॅटोकास्टरवर सहा स्क्रूवर झुलणारा ब्रिज आणला होता आणि त्याला ट्रेमोलो म्हटलं, खरंतर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, सुराच्या कंपाला व्हायब्राटो म्हणतात, पण नाव पडलं ते पडलं, मीही ट्रेमच म्हणतो.

तर बदलायचं ठरलं. इथे घाई केलीत तर पैसे वाया, कारण 'फ्लॉइड रोज टाइप' असं लिहिलेलं सगळं एकमेकांच्या जागी बसत नाही. मी व्हर्नियर घेऊन बसलो. दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर, ओरिजिनल फ्लॉइड रोजला ते साधारण ७४ मिलिमीटर असतं, माझं सुदैवाने तेवढंच निघालं. मग स्टडची जाडी आणि त्याखालच्या बुशिंगची, म्हणजे स्टड ज्यात फिरतो त्या लाकडात ठोकलेल्या नळीची, जाडी, लायसन्सवाल्यांत ही सर्रास वेगळी असते. मग ब्लॉकची खोली, ओरिजिनलचे ब्लॉक ३२, ३७, ४२ अशा मापांत मिळतात, माझ्या बॉडीला ३७ बरोबर बसतो, ४२ घेतला असता तर मागच्या कव्हरला लागला असता. मग बॉडीतल्या पोकळीची लांबी, कारण फाइन ट्यूनरचा, म्हणजे ब्रिजवरच्या सूर बारीक जुळवायच्या स्क्रूंचा, मागचा भाग कुठेही टेकता कामा नये. नट चांगला असेल तर तो राहू द्या. माझा होता, फक्त त्याचे दाबपट्टे तारांनी खोल कोरलेले, ते उलटे फिरवून लावले, दुसरी बाजू कोरी होती.

स्टीलची प्लेट असलेला ओरिजिनल मागवला. किंमत वाचून घरच्यांनी विचारलं की एवढ्यात दुसरी गिटार आली नसती का, तर साधी आली असती, हो. पण ह्या गिटारीचा नेक माझ्या हाताला जसा बसतो तसा दुसरा मला अजून मिळालेला नाही.

आणि मग खरी अडचण समोर आली, जी मी आधी बघितलीच नव्हती. बास साइडचा स्टड किंचित नेककडे झुकला होता. बासवूड मऊ लाकूड, अकरा वर्षं एकाच दिशेची ओढ, बुशिंगच्या भोकाचा पुढचा काठ दबून भोक लांबट झालेलं. तार सैल करून स्टड बोटांत धरून हलवला तर बुशिंगसकट हलत होता. असा स्टड असेल तर त्यावर सोन्याचा ब्रिज लावला तरी सूर टिकायचा नाही! ज्यांना वाटतंय की आपली धार ठीक आहे त्यांनी हे नक्की तपासा.

बुशिंग काढायला पक्कड लावू नका, कड उडते. स्टड काढा, बुशिंगच्या तळाशी एक छोटा लोखंडी तुकडा टाका, मी तुटक्या ड्रिल बिटचा बुडखा टाकला, आणि स्टड परत आवळत जा. स्टड तळाला टेकला की पुढे जायला जागा नसते, मग प्रत्येक फेऱ्याला बुशिंगच वर येतं, अगदी सरळ, कोणतीही मारझोड नाही. ते वर येताना बघायला फार समाधान वाटतं, खरंच. भोक आमच्या सुताराकडून गोल साफ करून घेतलं, त्यात बीचच्या लाकडाची खुंटी वूड ग्लूने बसवली, एक पूर्ण दिवस तसंच ठेवलं, आणि मग काकांच्या ड्रिल प्रेसवर काटकोनात नवीन भोक. हातातल्या ड्रिलने हे करू नये, एक अंश जरी तिरपं गेलं तरी दोन स्टड समांतर राहत नाहीत आणि धारा अडतात. नवीन बुशिंग घट्ट बसलं, हातोडीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकलं.

स्टड नवीनच लावले. नवी धार जुन्या झिजलेल्या स्टडवर कधीही बसवू नका, तो जुना ठसा नव्या धारेला खातो. आणि एक गोष्ट मला आधीच माहीत असती तर कदाचित जुना ब्रिज आणखी काही वर्षं चालला असता: तारा ताणलेल्या असताना स्टडची उंची फिरवायची नाही. सगळ्या ओढीखाली तो फिरला की धारेवर कानशीसारखाच घासतो. मी अकरा वर्षं ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वरखाली करायला तेच करत होतो. आधी तारा सैल करा, आर्मने ब्रिज दाबून धरा, मग फिरवा.

पुढचं सेटिंग संयमाचं काम आहे. ९ ते ४२ साठी तीन स्प्रिंग लावल्या, सुरात आणलं, ब्रिज पुढे उचलला गेला, मागे क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा आत, परत सुरात, परत बघायचं, असं सात-आठ वेळा, तेव्हा कुठे प्लेट बॉडीला समांतर आली. एक तार लावली की बाकी पाच हलतात हे सगळ्यांना वैताग देतं पण दर फेरीला फरक कमी होत जातो, तिसऱ्या-चौथ्या फेरीत धीर सोडू नका. सॅडलमध्ये, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या बैठकीत, तार धरणारे जे छोटे चौकोनी ठोकळे असतात ते तीन मिलिमीटरच्या ॲलन कीने आवळताना जोर काढू नका, तार हलत नाही एवढं पुरे, जास्त आवळलं की ते ठोकळे चिरतात आणि तार सुटायला लागते. स्प्रिंग वाजत असतील तर आत कापसाचा बोळा, मी तर नेहमीच ठेवतो.

लावून आता आठ महिने झाले. काल रात्री परत तीच टेस्ट केली, पूर्ण डाइव्ह, तारा फिंगरबोर्डवर लोळेपर्यंत, सोडला, सगळ्या तारा एक-दोन सेंटच्या आत. वर ओढला, सोडला, तेच. मधला तो झटका द्यायची सवय मात्र हाताला अजून आहे, अधूनमधून हात आपोआप जातो.

हे सगळं बघून माझ्या भाचीने रत्नागिरीहून तिची गिटार पाठवून दिली, "मामा, माझ्या गिटारचं पण बघ ना" म्हणून. तिची स्ट्रॅटच्या आकाराची, सहा स्क्रूचा ट्रेमोलो, आर्म ब्लॉकच्या आतच तुटलेला. समुद्रापासून पाच मिनिटांवर घर, सॅडलचे उंचीचे स्क्रू खाऱ्या हवेने असे गंजलेत की दीडची ॲलन की आत बसतच नाही. ते रात्रभर तेलात बुडवून ठेवले, सहा सुटले, बाकीचे सॅडलसकट बदलावे लागतील. तुटका आर्म काकांनी मधोमध बारीक भोक पाडून इझी आउटने, म्हणजे तुटके स्क्रू उलटे फिरवून काढायच्या हत्याराने, बाहेर काढला, पण आतले आटे गेले होते. आर्म आधीपासून ढिला असणार आणि ती तसाच वापरत असणार, ढिला आर्म आट्यांवर आपटत राहतो आणि शेवटी मुळाशी तुटतो. नुसता ढिला असतो तेव्हाच आट्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली असती तर ही वेळ आली नसती, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आणि दुसऱ्या गिटारीचा आर्म जोर लावून फिरवू नका, अमेरिकन आटे इंचाचे आणि आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच गिटारींचे मिलिमीटरचे, दोन फेरे जातो आणि मग आटे कापत जातो.

ह्या सहा स्क्रूवाल्यांत माप घेताना दोन टोकांच्या स्क्रूच्या मध्यांमधलं अंतर बघा. ५२.५, ५४ किंवा ५६ मिलिमीटर असं काहीतरी येईल, त्याला पाचाने भागलं की १०.५, १०.८ किंवा ११.२, त्याच मापाचे सॅडल मागवायचे. तिचं ५२.५ आहे. बॉडी नेहमीपेक्षा बारीक आहे म्हणून ब्लॉकची उंचीही मोजली, पूर्ण उंचीचा आणला असता तर मागून बाहेर डोकावला असता. आणि बसवताना सहाही स्क्रू आवळायचे नाहीत, टोकांचे दोन प्लेटला जेमतेम टेकवायचे आणि मधले चार त्यांच्यापेक्षा थोडे वर ठेवायचे, म्हणजे झुलण्याचं काम टोकांचे दोनच करतात आणि मधले घासत नाहीत.

स्टीलचा ब्लॉक आणि सॅडल मागवलेत, अजून आलेले नाहीत. भाची रोज रात्री मेसेज करून विचारतेय. आणि माझी जुनी जस्ताची प्लेट काकांनी मागून घेतली, त्यांच्याकडे आयटीआयची दोन पोरं शिकायला येतात, त्यांना भिंगाखाली दाखवायला ती टेबलावर ठेवलीय.